‘कोठवर?’ विचारायची रीत

दुःखाच्या घरी प्रार्थनासभा भरली की पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य हमखास येतं: ‘देवाची योजना होती.’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. शांतता सहन होत नाही, काहीतरी आधाराचं बोलायला हवं असं वाटतं, म्हणून तोंडातून निघून जातं. पाठोपाठ रोमकरांस पत्रातलं आठव्या अध्यायाचं अठ्ठाविसावं वचन (देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात), मग टाळ्या वाजवायचं एखादं स्तुतिगीत, मग चहा. जिचा नवरा चार दिवसांपूर्वी गेला ती कोपऱ्यात मान खाली घालून बसलेली असते. तिला रडायचं असतं. पण भोवतीचे सगळे स्तुती करताहेत म्हटल्यावर आपलं रडणं अविश्वासात जमा होईल, ही धास्ती.

खरं तर ख्रिस्ती श्रद्धेत देवाकडे तक्रार नेण्याची एक जुनी, आखीव रीत आहे. ती पवित्र शास्त्राच्या अगदी मधोमध, स्तोत्रसंहितेत आहे. स्तोत्रं एकूण 150. त्यांतली साधारण एक तृतीयांश गाऱ्हाण्याची. हेर्मान गुंकेल या जर्मन अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्तोत्रांची प्रकारवार मांडणी केली, तेव्हा एकट्या माणसाच्या गाऱ्हाण्यांचा गट सगळ्यांत मोठा निघाला. आपल्या घरांतून मात्र पाठ असतात ती 23वं, 91वं, 121वं आणि 100वं. ज्या पुस्तकात एवढं रडणं आहे त्यातून आपण नेमकी न रडणारी पानं निवडून घेतली आहेत.

सुरुवात करायची तर 13व्या स्तोत्रापासून करावी. सहाच ओव्या आहेत, आणि गाऱ्हाण्याचे सगळे भाग त्यात आहेत. पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. तू मला कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, मी कोठवर मनातल्या मनात झुरत राहू, माझा वैरी कोठवर माझ्यावर वरचढ राहणार. यातले पहिले दोन प्रश्न थेट देवाबद्दलचे आहेत. तिसरा स्वतःबद्दलचा आणि शेवटचा शत्रूबद्दलचा. हा क्रम ध्यानात घ्यावा. आपण प्रार्थनेत बहुधा उलटे जातो: आधी परिस्थिती, मग आपली चूक, आणि देवाबद्दल काही बोलायची वेळ आली की लगेच ‘तू चांगला आहेस’. इथे बोट आधी देवाकडे आहे.

तिसऱ्या-चौथ्या ओवीत मागणं येतं. माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझे डोळे उजळ कर. आणि मागण्याला कारण जोडलेलं: नाहीतर मी मरेन, नाहीतर शत्रू म्हणेल की याला हरवलं. देवाला पटवून देण्याचा हा प्रकार आपल्याला उद्धटपणाचा वाटतो, पण गाऱ्हाण्याच्या बहुतेक स्तोत्रांत तो आहे. शेवटच्या दोन ओव्यांत भरवसा, आणि ‘मी परमेश्वराला गाईन’ असं वचन.

म्हणजे भाग पाच: हाक, गाऱ्हाणं, कारणासकट मागणं, भरवसा, स्तुतीचं वचन. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. देवळात गाऱ्हाणं घालताना कुणाला हाक मारायची, काय सांगायचं, काय मागायचं याचा साचा ठरलेला असतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. साचा आहे म्हणून ते खोटं ठरत नाही. उलट ज्याला शब्द सुचत नाहीत त्याला साचा धरून उभं राहता येतं, आणि एकट्याचं दुःख चारचौघांच्या तोंडी जातं. दुसरी गोष्ट आपल्या प्रार्थनासभांत फार कमी होते.

चौथ्या आणि पाचव्या ओवीच्या मध्ये काय घडतं ते 13वं स्तोत्र सांगत नाही. आत्ता ‘मी मरेन’ म्हणणारा माणूस पुढच्या श्वासात ‘पण मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे’ म्हणतो. योआखीम बेग्रिख या अभ्यासकाने 1934 साली एक अंदाज मांडला: मंदिरात गाऱ्हाणं सांगून झालं की याजक देवाच्या वतीने ‘भिऊ नको’ असं काही बोलत असावा, आणि त्यानंतरचे शब्द हे त्या बोलण्याला दिलेलं उत्तर असावं. हा अंदाज सगळ्यांना मान्य नाही. तरी शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली हन्ना आठवते. मूल होत नाही म्हणून ती शिलोच्या मंदिरात इतकी रडते की एली याजकाला ती प्यायलेली वाटते. ती सांगते, मी दारू प्यायले नाही, मी मन मोकळं करतेय. एली म्हणतो, ‘शांतीने जा.’ ती जाते, जेवते, आणि तिचा चेहरा मग उतरलेला राहत नाही. अजून गर्भ राहिलेला नाही. बदललं एवढंच की कुणीतरी पूर्ण ऐकून घेतलं आणि शांतीने घरी पाठवलं. एलीने आधी चुकीचा तर्क केला होता, तोही हन्नाने सरळ खोडला. मला त्या प्रसंगात हेच जास्त आवडतं.

तेव्हा भरवशाची ओवी आपल्या वेळापत्रकाने येत नाही. 22वं स्तोत्र तर नीट उतरत्या-चढत्या क्रमाने जातच नाही. पहिल्या दोन ओव्या आक्रोशाच्या, पुढच्या तीन भरवशाच्या (आमच्या पूर्वजांनी तुझ्यावर भरवसा ठेवला), मग पुन्हा ‘मी तर कीटक आहे’, मग पुन्हा ‘आईच्या पोटातून तूच मला बाहेर काढलंस’, मग एक छोटं मागणं, मग सात ओव्यांची लांबलचक वेदना, हाडं मोजता येतात इथपर्यंत, आणि मग कुठे बाविसाव्या ओवीपासून स्तुती. दुःखातला माणूस असाच बोलतो. सकाळी म्हणतो देव आहे, दुपारी म्हणतो कुणी नाही. पाळकाने किंवा नातेवाइकांनी दुपारच्या वाक्यावर घाबरून सकाळचं वाक्य त्याच्याकडून वदवून घ्यायचं नसतं.

येशूने क्रुसावरून उच्चारलेली ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही हाक म्हणजे याच स्तोत्राची पहिली ओवी. मत्तय आणि मार्क दोघेही ती मूळ बोलीत नोंदवतात आणि वेळही देतात, तिसऱ्या प्रहराची. आपल्याकडे उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन सात उद्गारांवर सात संदेश होतात, त्यांतला चौथा हा. त्यावर बोलणारा बहुतेकदा पित्याने पुत्राकडे पाठ का फिरवली याच्या सिद्धान्तात शिरतो. तो सिद्धान्त चुकीचा आहे असं नाही. पण त्या दुपारी समोर बसलेल्यांत कुणाचं तरी मूल नुकतंच गेलेलं असतं, आणि त्याला एवढंच ऐकायची गरज असते की हे वाक्य येशूच्या तोंडी होतं, म्हणून ते तुझ्याही तोंडी चालतं. माझं म्हणणं असं की त्या उद्गाराचा संदेश पाच मिनिटांत आटोपावा आणि उरलेल्या वेळात 22वं स्तोत्र एकतिसावी ओवी येईपर्यंत सावकाश वाचावं.

भरवशाची ओवी मुळीच न येणारं एक स्तोत्र आहे. 88वं. हेमान एज्राहीच्या नावावर आहे. अठरा ओव्या, आणि शेवटचा शब्द अंधाराचा. मित्र दूर केलेस, सोबतीला काळोख उरला, संपलं. पुढे ‘तरीपण’ नाही. पण नीट पाहिलं तर हा माणूस तीन वेळा सांगतो की तो हाक मारतोय: पहिल्या ओवीत रात्रंदिवस, नवव्या ओवीत दररोज, तेराव्या ओवीत सकाळी. आणि पहिल्याच ओळीत ज्याला हाक मारतो त्याला ‘माझ्या तारणाच्या देवा’ म्हणतो. श्रद्धा उरली आहे ती तेवढ्या संबोधनात. कॅथलिक चर्चच्या रोजच्या प्रार्थनाविधीत दर शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी म्हणायचं स्तोत्र हेच आहे. म्हणजे जगभरातले धर्मगुरू आणि व्रतस्थ स्त्रीपुरुष आठवड्यातून एकदा काही सुटलेलं नसताना, काही सुधारलेलं नसताना दिवा मालवतात. प्रोटेस्टंट घरांनी ही एक सवय खुशाल उसनी घ्यावी.

ओढीबद्दल बोलायचं तर 42वं आणि 43वं स्तोत्र एकत्र वाचावं. दोन्हींत मिळून ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? देवाची आशा धर’ हे एकच पालुपद तीनदा येतं, त्यामुळे ही मुळात एकच रचना असावी असं बहुतेक अभ्यासक मानतात. हरणी पाण्याच्या प्रवाहासाठी लुलपते ती ओळ सगळ्यांना ठाऊक असते, भिंतीवरच्या कॅलेंडरांवर ती हिरव्यागार चित्रासकट छापलेली असते. चित्रात ओढा असतो. स्तोत्रात तो नाही, म्हणून तर हरणी धापा टाकतेय. पुढच्या ओळीत माणसाचं जेवण रात्रंदिवस आसवंच आहेत. आणि त्याची ओढ ‘देव’ नावाच्या एखाद्या धूसर कल्पनेची नाही. त्याला आठवतं ते सणाच्या दिवशी लोकांच्या घोळक्यात गात गात मंदिराकडे जाणं. तो आता लांब उत्तरेला, यार्देन आणि हर्मोनच्या मुलखात आहे, आणि भोवतीचे लोक विचारताहेत, तुझा देव कुठे आहे?

मराठी माणसाला ही जात ओळखीची आहे. तुकोबांच्या अभंगात सासरी निघालेली मुलगी मागे वळून वळून पाहते आणि पाण्यावेगळी मासोळी तळमळते. जनाबाई तर विठ्ठलाला शिव्या घालते, आणि वारकऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो असं ते सांगत. त्यांच्या भजनांतून आर्त भक्तीचा तो सूर मराठी मंडळ्यांत आला आणि अजून गायला जातो. मात्र त्या पुलावरून भक्ती जेवढी आली तेवढं भांडण आलं नाही. देवाशी भांडणारा तुकाराम शेजारच्या देवळात राहिला आणि आपण चर्चमध्ये शिस्तीत उभे राहिलो. असं का व्हावं याची कारणं असतील. परक्या मिशनऱ्यांचं संयमी वळण असेल, शिवाय नवख्या श्रद्धेला आपल्या माणसांसमोर सतत ‘माझं बरं चाललंय’ हे दाखवावं लागत असेल. धर्म बदलून गेलेल्याच्या घरी काही वाईट झालं की गावाने ‘बघा, झालं ना’ म्हणायचं. मग तो तक्रार करणार कुणासमोर?

पंडिता रमाबाईंकडे पाहिलं की हे जास्त जाणवतं. 1874 च्या दुष्काळात आईवडील गेले, पाठोपाठ बहीण. 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा पटकीने. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. आणि याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावात बसून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, 1922 मध्ये मृत्यू येण्याआधी ते हातावेगळं केलं. म्हणजे गाऱ्हाण्याची ही सगळी स्तोत्रं ओळीओळीने त्यांच्या लेखणीखालून गेली. आपण त्यांची गोष्ट सांगताना दुःखांची यादी पटकन वाचतो आणि ‘तरी त्या खचल्या नाहीत’ या वाक्यावर येऊन थांबतो. त्या ‘तरी’च्या आधी त्यांनी किती वर्षं काय सोसलं हे भाषणात मावत नाही.

आता कारणांबद्दल. दुःख का आलं हे सांगण्याचा मोह सगळ्यांत मोठा, आणि ईयोबाचं पुस्तक त्या मोहावरच लिहिलेलं आहे. 42 अध्याय. सज्जन ईयोबाची मुलं, धन, आरोग्य सगळं जातं. त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. हे त्यांनी केलेलं सगळ्यांत चांगलं काम. चौथ्या अध्यायापासून ते बोलायला लागतात आणि वाद तीन फेऱ्या चालतो. तिसऱ्या फेरीत सोफरला काही सुचतसुद्धा नाही, त्याचं भाषणच नाही. मग अलीहू नावाचा तरुण उठतो आणि आणखी सहा अध्याय बोलतो. सगळ्यांचा मुद्दा फिरून फिरून तोच: काहीतरी पाप असल्याशिवाय असं होत नाही. 38व्या अध्यायात देव वावटळीतून बोलतो, तर तो समुद्र, पहाट, रानगाढव, शहामृग यांच्याबद्दल विचारत राहतो. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात जे घडलं, म्हणजे ईयोबाची परीक्षा घ्यायची सैतानाला मिळालेली मुभा, ते वाचकाला ठाऊक असतं. ईयोबाला ते शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. आणि शेवटी देव मित्रांना म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. जो देवाशी भांडला तो बरोबर. ज्यांनी देवाची बाजू घेतली ते चूक.

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? दोघांनीही नाही, असं येशू म्हणतो. आपल्याकडे हा प्रश्न दोन्ही बाजूंनी येतो. शेजारपाजारचे पूर्वजन्मीचं काढतात, आणि काही प्रार्थनागटांतले ‘घरात काही अडथळा आहे का, कुणी काही केलंय का’ असं शोधतात. दोन्हींचा परिणाम आजारी माणसावर सारखाच होतो.

ते रोमकरांस पत्रातलं वचन तर आठव्या अध्यायातून एकटंच उचललं जातं. त्याच्या आधी, बाविसाव्या वचनात सगळी सृष्टी कण्हते आहे. सव्विसाव्यात आपल्याला प्रार्थना कशी करावी हे कळत नाही आणि आत्मा शब्दांवाचून कण्हतो. आणि पुढे छत्तिसाव्यात पत्र लिहिणारा पौल 44व्या स्तोत्रातली ओळ देतो: तुझ्यामुळे आम्ही दिवसभर मारले जातो. ते 44वं स्तोत्र हे सगळ्या समाजाचं गाऱ्हाणं आहे आणि त्यात लोक स्पष्ट म्हणतात की आम्ही तुला विसरलो नव्हतो, तरी हे आमच्यावर आलं. जागा हो, झोपलास का? अठ्ठाविसावं वचन वाचायचंच असेल तर बाविसाव्यापासून एकोणचाळिसाव्यापर्यंत सलग वाचावं. तीन मिनिटं लागतात.

घरी किंवा छोट्या गटात हे करायचं कसं? वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. ज्याचं दुःख आहे त्याला वाचायला लावू नये. त्याच्या जवळच्या, पण आवाज स्थिर राहील अशा माणसाने वाचावं. गाणं सुरुवातीला नको. स्तोत्र एकच घ्यावं, प्रसंगाला धरून. लांबलेल्या आजारात 38वं किंवा 102वं. 102व्याचं शीर्षकच गांजलेल्या माणसाने परमेश्वरापुढे ओतलेलं गाऱ्हाणं असं आहे, आणि त्यात छपरावर एकट्या बसलेल्या चिमणीची ओळ आहे. म्हाताऱ्या माणसासाठी 71वं. जवळच्याने दगा दिला असेल तर 55वं. स्वतःची चूक मनाला खात असेल तर 51वं किंवा 130वं. अन्यायात, कोर्टकचेरीत 10वं किंवा 94वं. गावावर, मंडळीवर संकट असेल तर 74वं किंवा 80वं. वाचून झालं की दोन मिनिटं पूर्ण शांतता, घड्याळ लावून. अंदाजाने सोडली तर तीस सेकंदांत कुणीतरी ‘हालेलूया’ म्हणतंच.

मग गाऱ्हाणं, शक्यतो आधी लिहून काढलेलं. लिहिण्यातली सगळ्यांत मोठी चूक म्हणजे मोघमपणा. ‘या कठीण परिस्थितीत आमच्याबरोबर राहा’ या वाक्यात परिस्थितीही नाही आणि आम्हीही नाही. नमुना म्हणून असं काही:

‘प्रभू, आमच्या आजीआजोबांच्या देवा. अडीच महिने आम्ही दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटच्या मंगळवारी डॉक्टर म्हणाले सुधारणा आहे; आम्ही सगळ्यांना फोन केले, तुझे आभार मानले. बुधवारी पहाटे तो गेला. आभार मानून घेतलेस आणि मग नेलंस, हे आम्हांला समजत नाही. धाकटी अजून दार वाजलं की उठून बसते. शाळेची फी थकलीय. तू कुठे होतास? आता आमच्याकडे बघ. धाकटीला झोप दे. फीची सोय कर. नाहीतर लोक म्हणतील की यांच्या देवानं यांना टाकलं. गिरणीच्या संपात तू आजोबांना टाकलं नव्हतंस. तेवढ्याच जोरावर आज तुझ्याशी बोलतोय.’

इथे भरवसा आहे, पण तो एका जुन्या, खऱ्या आठवणीवर टेकलेला आहे, विशेषणांवर नाही. स्तोत्रांतही तसंच असतं, पूर्वजांना मिसर देशातून आणलंस वगैरे. स्तुतीचं वचन मुद्दाम दिलेलं नाही. तोंडात येत नसेल तर ते सोडावं. 88व्या स्तोत्रानेही सोडलं आहे. दर दोन-तीन वाक्यांनंतर बाकीच्यांनी 42व्या स्तोत्राच्या पालुपदातली ओळ म्हणावी, म्हणजे वाचणारा एकटा पडत नाही. लिहिलेला कागद जपून ठेवावा. देव आसवं बुधलीत भरून ठेवतो असं 56वं स्तोत्र म्हणतं. आपण निदान कागद ठेवावा, कारण सहा महिन्यांनी त्यातलं काय बदललं आणि काय तसंच आहे हे तो दाखवतो. धाकटी आता झोपते, फीचं अजून तसंच आहे. मग उरलेल्यासाठी पुन्हा मागायचं.

शत्रूंच्या ओव्यांचं काय करायचं हा प्रश्न येतोच. 58, 83 आणि 109 ही तीन स्तोत्रं त्यांतल्या शापांमुळे कॅथलिक चर्चने 1971 च्या प्रार्थनाविधीतून पूर्ण वगळली, आणि इतर काहींमधल्या थोड्या ओव्याही. माझं मत थोडं वेगळं आहे: राग आत दाबून ठेवण्यापेक्षा तो देवापुढे मोठ्याने बोललेला बरा, कारण तिथे बोललं की सूड आपल्या हातातून निघून त्याच्या हातात जातो. पण 109वं स्तोत्र एखाद्या भाऊबंदाचं नाव घेऊन, त्याचं वाईट व्हावं म्हणून इतक्या दिवसांचा नेम धरून म्हणायचं ही करणीच झाली, फक्त पुस्तक वेगळं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते घाईमुळे. पुढच्या रविवारी ‘साक्ष द्या’ असा आग्रह होतो. साक्ष म्हणजे शेवट गोड झालेली गोष्ट अशी समजूत असल्याने माणूस शेवट गोड करून सांगतो आणि त्यानंतर खरं बोलायची सोय राहत नाही. नवस फेडल्यासारखं ते होतं. येशूने गेथशेमाने बागेत प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली, पौलाने अंगातला काटा जावा म्हणून तीनदा केली. दोघांनाही मागितलेलं मिळालं नाही आणि दोन्ही प्रसंग शास्त्रात उघडपणे लिहिलेले आहेत. अशा साक्षीलाही चर्चमध्ये जागा असायला हवी.

रडण्याला अविश्वास समजण्याची चूकही जुनीच. संत ऑगस्टीनची आई मोनिका 387 साली ओस्तिया बंदरात वारली. त्याचा पौगंडातला मुलगा अदेओदातुस हंबरडा फोडून रडला, तर सगळ्यांनी त्याला गप्प केलं. एकाने स्तोत्र सुरू केलं, सगळ्यांनी साथ दिली. ऑगस्टीन स्वतः अंत्यविधीत रडला नाही. मन हलकं होईल म्हणून स्नान केलं, काही फरक पडला नाही. झोपला, उठला, अंथरुणात एक ओळखीचं भजन आठवलं, आणि मग एकट्याने थोडा वेळ रडला. पुढे ते लिहिताना तो वाचणाऱ्याला जवळजवळ विनवतो की या रडण्याला हसू नका. एवढा मोठा धर्मपंडित, आणि आईसाठी रडल्याची सफाई देतोय. लाजारच्या थडग्यापाशी येशू रडला हे त्याला पाठ असणारच. त्याआधी लाजारच्या बहिणी मार्था आणि मरीया दोघींनी येशूला एकच वाक्य सुनावलं होतं, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. येशूने दोघींपैकी कुणालाही त्या वाक्याबद्दल रागावलेलं नाही.

दोन ठिकाणी मात्र गाऱ्हाणं पुरत नाही, आणि तिथे प्रार्थनेवर भागवणं हा अपराध आहे. एक, मारहाण. ‘आपला क्रूस उचल’ हे वाक्य मार खाणाऱ्या बाईला सांगायचं नसतं. येशूने क्रूस स्वतःहून उचलला होता. तिच्यावर तो कुणीतरी लादतोय. तिला आधी सुरक्षित जागी हलवायचं, लागलं असेल तर दवाखाना, मग पोलीस आणि वकील, स्तोत्र त्यानंतर. दुसरं, मनाचा आजार. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, आंघोळ नाही, मरणाचं बोलणं सुरू झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं आणि माणसाला एकटं ठेवायचं नाही. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी, असं जो सांगेल त्याला राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचायला द्यावा. एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली पडून म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. देव त्याला वचन ऐकवत नाही, रागावतही नाही. एलीया झोपतो. देवदूत हात लावून उठवतो, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई असते. खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो आणि पुन्हा खाऊ घालतो, कारण पुढचा प्रवास त्याला झेपणारा नाही. त्या जेवणाच्या बळावर तो चाळीस दिवस चालून होरेबला पोचतो, आणि ‘तू इथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न त्याला तिथे गेल्यावर येतो.

तेव्हा दुःखाच्या घरी जाताना शास्त्राबरोबर डबाही न्यावा. पहिल्या आठवड्यात सगळेच नेतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पाहुणे पांगल्यावर, कुणी नेत नाही. जायचं ते तेव्हा.